साडेआठचा कवडसा: घरबंदीतल्या प्रकल्प नोंदी

पूर्वेच्या खिडकीतून येणारा कवडसा रोज एकाच वेळी नेमका कुठे पडतो, त्याच्या खुणा मी मार्च २०२० च्या अखेरीपासून जूनच्या शेवटापर्यंत केल्या. कोणाला घरी करून बघायचं असेल तर माझे गेले तेवढे दिवस तुमचे जाऊ नयेत, म्हणून वहीतल्या नोंदी जवळजवळ तशाच उतरवते आहे. सामान म्हणजे जाड पुठ्ठा, चिकटपट्टी, मोजपट्टी, पेन्सिल आणि पुढे पुढे नेलपेंटची बाटली. सगळं घरातलंच होतं, पैसे लागले नाहीत. वेळ रोजची दहा मिनिटं. वाया गेलेले दिवस वेगळे.

२८ मार्च, शनिवार

जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली त्याला आज सतरा दिवस झाले. सकाळी पूर्वेच्या खोलीत चहा घेऊन बसले होते. समोरच्या भिंतीवर ऊन आलं, बोलता बोलता खाली सरकलं आणि गेलं. या घरात आम्ही अकरा वर्षं राहतो. साडेआठला या खोलीत ऊन कुठे असतं ते मला माहीत नव्हतं, कारण त्या वेळी मी कायम वाटेत असायचे.

धाकट्याला विचारलं, आज वार कोणता? तो म्हणाला, "बुधवार?" आई म्हणाली, रविवार. कोणीच बरोबर नव्हतं. तेव्हा ठरवलं, भिंतीवर रोज एक खूण करायची.

२९ मार्च ते २ एप्रिल: आरसा (फसला)

पहिली कल्पना अशी की खिडकीच्या कठड्यावर छोटा आरसा ठेवायचा आणि त्याचा कवडसा छतावर पाडायचा. छत मोकळं असतं, मधे कोणी येत नाही. दिसायला फार सुंदर दिसतं. करू नका.

आरसा एका अंशाने हलला की उजेड दोन अंशांनी हलतो. तीन मीटरवर ते दहा सेंटीमीटर होतात. आमच्या कठड्यावर रोज एक चिमणी येते. तिला आरशात दुसरी चिमणी दिसली आणि तिने दोन दिवस त्या दुसरीशी भांडण केलं. पाच दिवसांत छतावर पाच खुणा झाल्या आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. शिवाय छतावर खूण करायला स्टुलावर चढावं लागतं आणि चढेपर्यंत कवडसा पुढे गेलेला असतो.

आरसा उचलला. चिमणी त्यानंतरही आठवडाभर त्या जागी येऊन बघून जायची.

३ एप्रिल: पुठ्ठा आणि छिद्र

खिडकीच्या वरच्या तावदानाला आतून पुठ्ठा लावला, त्याला छिद्र पाडलं. छिद्र फरशीपासून १ मीटर ९० सेंटीमीटरवर, समोरची भिंत बरोबर तीन मीटरवर. पुठ्ठ्याचा मोठा फायदा म्हणजे तो वाऱ्याने चार मिलिमीटर हलला तर कवडसाही चारच मिलिमीटर हलतो, आरशासारखा दहा सेंटीमीटर उडी मारत नाही.

छिद्र किती मोठं हवं यात अख्खा दिवस गेला. आधी दोन सेंटीमीटरचं पाडलं, तर कडा इतकी पुसट की मध्य कुठे ते कळेना. मग सुईने टोचलं, तर कवडसा इतका मंद की पडदे ओढल्याशिवाय दिसेना, आणि पडदे ओढले की धाकट्याच्या ऑनलाइन वर्गात तो भुतासारखा दिसतो अशी त्याची तक्रार. शेवटी पाच-सहा मिलिमीटरवर थांबले. चौकोनी छिद्रही पाडून पाहिलं. कवडसा तरी गोलच पडतो, कारण ते छिद्राचं नाही, सूर्याचं चित्र असतं. सूर्य आपल्यापासून स्वतःच्या व्यासाच्या साधारण १०७ पट लांब आहे, म्हणून छिद्रापासून तिरक्या रेषेत साडेतीन मीटरवर कवडसा सव्वातीन सेंटीमीटरपेक्षा लहान होणारच नाही. छिद्र आणखी बारीक करत बसण्यात अर्थ नाही, हे मी दहा छिद्रांनंतर शिकले.

धाकट्याने सांगितलं की १६६५ मध्ये प्लेगमुळे केंब्रिज बंद पडलं तेव्हा न्यूटन घरी गेला आणि त्यानेही खिडकीच्या झडपेला भोक पाडून ऊन आत घेतलं होतं. हा निरोप त्याला त्या आठवड्यात चौथ्यांदा आला होता. आई म्हणाली, "त्याच्या आईला विचारलं होतं का त्याने?"

४ ते १२ एप्रिल: नऊ ठिपके

रोज साडेआठला पेन्सिलीचा ठिपका. कवडशाचा मध्य डोळ्यांनी धरायचा म्हणजे अंदाजपंचे, म्हणून पुठ्ठ्याची त्याच मापाची चकती कापली, मधोमध भोक पाडलं. चकती कवडशावर बसवायची, भोकातून पेन्सिल टेकवायची. हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं.

ठिपके डावीकडे आणि खाली चालले आहेत. खाली फारच भराभर. रोज दोन सेंटीमीटर. मी खूश. सूर्य किती वेगाने वर चढतोय, असं फोनवर दोघीतिघींना सांगूनही टाकलं.

१३ एप्रिल, सोमवार: घड्याळ

ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगला मिनिटभर उशिरा पोचले. घड्याळ बघूनच बसले होते. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणजे मला तसं वाटलं. प्रत्यक्षात सगळे स्वतःकडे बघत होते.

भिंतीवरचं घड्याळ मागे पडत होतं. ते बाबांचं. बाबा घरातली सगळी घड्याळं पाच मिनिटं पुढे ठेवतात, आठवतं तेव्हापासून. त्याचा सेल संपत आला होता आणि ते रोज अर्ध्या मिनिटाहून जास्त मागे जात होतं. चार तारखेला पाच मिनिटं पुढे असलेलं घड्याळ आज मिनिटभर मागे. म्हणजे माझे नऊ ठिपके नऊ वेगवेगळ्या वेळांचे. सूर्य भराभर चढत नव्हता, घड्याळ बसत चाललं होतं.

मोजून पाहिलं. साडेआठच्या सुमारास कवडसा भिंतीवर मिनिटाला दीड सेंटीमीटर सरकतो. आज-उद्याचा फरक दोन सेंटीमीटरचा, मिनिटभराच्या उशिराचा दीड. मोबाइलवरची वेळ घ्या, तीही सेकंदासकट. दुसरं कुठलं घड्याळ वापरू नका, बाबांचं तर नाहीच.

नऊ ठिपके खोडले. बाबांनी नवा सेल घातला आणि घड्याळ परत पाच मिनिटं पुढे लावलं. मी म्हटलं, "बाबा, आता तर आपण कुठेच जात नाही. पाच मिनिटं पुढे कशासाठी?"

"सवय मोडली की परत लागत नाही," बाबा म्हणाले.

१४ एप्रिल

पुन्हा पहिला ठिपका. फरशीपासून १६ सेंटीमीटरवर, खिडकीतल्या छिद्राच्या जवळजवळ बरोबर समोर.

२२ एप्रिल

रोज दोन सेंटीमीटर डावीकडे, एक सेंटीमीटर खाली. ठरल्यासारखं. दोन ठिपके रेषेच्या खाली घसरलेत, १७ आणि २० तारखेचे. १७ ला मावशीचा फोन चालू होता. २० ला दूध उतू गेलं. आमच्याकडे त्या वेळी सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, म्हणून माझा उशीर भिंतीवर उभा दिसतो आणि तारीख आडवी. हे लक्षात आल्यावर खुणा वाचायला सोप्या झाल्या.

सकाळी इतकी शांतता असते की शेजारच्या घरातली मिक्सरची पाळीसुद्धा पाठ झाली आहे. पावणेनऊला एकदा, मग थांबून थोडा वेळ.

३० एप्रिल: भिंत संपली

आज कवडसा भिंतीवरून उतरून फरशीवर आला. हे मी धरलंच नव्हतं. छिद्र आणखी वीस-पंचवीस सेंटीमीटर वर घेतलं असतं तर जून संपेपर्यंत भिंतच पुरली असती. तुम्ही लावणार असाल तर छिद्र जमेल तितकं उंच पाडा.

फरशीवर तो गोल राहिला नाही, अंड्यासारखा लांबट झाला. भिंतीची चकती निरुपयोगी. पारदर्शक डब्याच्या झाकणावर मार्करने नवा लांबट आकार काढला, मधे भोक पाडलं. फरशीवर वेगही जास्त, मिनिटाला अडीच सेंटीमीटर. म्हणजे आता आणखी वेळेवर यायचं.

३ मे: आई आणि फिनाइल

१, २ आणि ३ तारखेचे ठिपके गेले. आई रोज दहा वाजता फिनाइलने फरशी पुसते, या दिवसांत जरा जास्तच जोर लावून. पेन्सिल तर पहिल्याच फडक्यात. मार्करही टिकला नाही. चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावून पाहिले तर त्यांच्या कडा सुटल्या, त्यात मळ भरला आणि आईने ते नखाने उचकटून टाकले.

"तुझे ठिपके मला घाणीसारखे दिसतात," ती म्हणाली. खोटं नव्हतं.

४ मे: नेलपेंट

दीड वर्षापूर्वी घेतलेली लाल नेलपेंटची बाटली. लग्नाकार्यासाठी जपून ठेवली होती, यंदा कुठलं लग्न आणि कुठलं कार्य. काडीच्या टोकाने एकच थेंब. दोन मिनिटांत वाळतो, फिनाइलला दाद देत नाही, आईला दिसतो आणि नको झाला की रिमूव्हरने निघतो. या सगळ्या प्रकल्पातली मी स्वतः काढलेली एकमेव अक्कल म्हणजे ही.

१० मे, रविवार: कपाट

ठिपके डावीकडे चाललेत आणि डावीकडे लोखंडी कपाट आहे. आठवड्याभरात कवडसा त्याच्या खाली जाणार. कपाट अर्धा मीटर सरकवायचं म्हणजे आधी रिकामं करायचं, आणि रिकामं करायचं म्हणजे आईने प्रत्येक वस्तू हातात घेऊन ती कधीची आहे ते सांगायचं. सकाळी नऊला सुरुवात, संध्याकाळी सहाला शेवट. पूर्ण दिवस गेला, पण तो दिवस वाया गेला असं लिहायला हात होत नाही.

कपाटामागे सापडलं ते: एक बुद्धिबळातलं पांढरं प्यादं (त्याच्या जागी सहा वर्षं शर्टाचं बटण लढत होतं), दोन पेनांची टोपणं, धाकट्याची दुसरीतली प्रगती-पत्रिका. ती त्याने मागे टाकली होती की पडली होती यावर जेवताना चर्चा झाली. निकाल लागला नाही.

१६ मे

सकाळी आईने फरशी पुसली. बाबा आत आले आणि म्हणाले, "आज पुसलं नाहीस का गं?" फरशी अजून ओली होती. फिनाइलने माझ्याच डोळ्यांना झोंबत होतं.

आम्ही दोघीही काही बोललो नाही. मग आईने त्यांच्या नाकाशी साबण धरला. मग कापूर.

रात्री ताप आला.

१७ मे

पूर्वेची खोली बाबांना दिली. तिला लागून न्हाणीघर आहे, खिडकी आहे, वारा येतो. चौदा दिवस. आम्ही तिघं बाहेरच्या खोलीत. डॉक्टरांचं सगळं फोनवर. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर रोज चारदा, आकडा ९४ च्या खाली गेला तर लगेच कळवायचं.

ठिपक्यांचा विचार संध्याकाळी आला आणि आला याची लाज वाटली. पण बाबांनीच दारामागून विचारलं, "तुझं ते लाल कुठे आहे?" नाश्त्याच्या ताटात बाटली आणि झाकण ठेवून दिलं. कसं लावायचं ते दाराला तोंड लावून सांगितलं. सेकंदाचं सांगायला विसरले.

आजचा ठिपका नाही.

१८ ते २० मे

ताप १०१ च्या आसपास, आकडा ९६, ९६, ९५. ठिपका लावला का, तर "लावला." एवढंच. बरोबर पडला का विचारलं तर म्हणाले, "मी सूर्याला विचारलं नाही."

मी वहीत त्यांचा ताप आणि ऑक्सिजन लिहिते. कवडशाची वही आहे पण दुसरी कोरी नव्हती.

२१ मे

पहाटे तीनला ९३. डॉक्टरांनी पालथं झोपायला सांगितलं. अर्ध्या तासाने ९५. परत पाचला ९३, मग ९४. आम्ही तिघं दाराबाहेर जमिनीवर बसलो होतो. सकाळी लख्ख ऊन होतं.

२२ ते ३० मे

२२ ला दुपारी ताप उतरला. पुढे रोज थोडं थोडं. २५ ला बाबांनी जेवणात मीठ कमी आहे असं कळवलं तेव्हा आईने ताट परत घेऊन स्वतः चाखून पाहिलं नाही (घेता येत नव्हतं), पण ती हसली. २७ पासून आकडा ९७.

रोज साडेआठला आतून खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. मी दाराबाहेर मोबाइल बघत असते. आवाज मला दोन-तीन मिनिटं लवकर वाटतो.

१ जून: आत गेले

काल खोली उघडली, पुसली, सगळं धुवायला टाकलं. आज साडेआठला पंधरा दिवसांनी माझा ठिपका.

बाबांचे ठिपके माझ्या रेषेवर नाहीत. माझी रेषा भिंतीपासून साधारण पंधरा सेंटीमीटरवर, भिंतीला जवळजवळ समांतर. त्यांची तिच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला, आठ सेंटीमीटर अंतर सोडून. सगळे ठिपके तसेच. त्यांच्यात एकही वर-खाली नाही. माझ्या महिनाभराच्या रेषेत फोन, दूध, झोप सगळं दिसतं. त्यांची पट्टीने आखल्यासारखी.

त्यांनी मनगटी घड्याळ वापरलं होतं. फरशीवर मिनिटाला अडीच सेंटीमीटर, म्हणजे आठ सेंटीमीटरला तीन मिनिटांहून किंचित जास्त.

मी म्हटलं, "बाबा, तुमचं घड्याळ पाच मिनिटं पुढे नाही. तीनच मिनिटं आहे."

"पाच आहे."

"फरशी तीन सांगते."

बाबा खाली वाकून बघायला लागले, पण इतकं वाकणं अजून झेपत नाही. खुर्चीत बसले. "मग दोन मिनिटं कुठे गेली?"

१८ ते ३० म्हणजे तेरा ठिपके हवेत. बारा आहेत. २१ ची जागा रिकामी. अंतरं सारखी असल्यामुळे तो ठिपका कुठे पडला असता ते मोजून सांगता येतं, मी पट्टी लावून जागा काढलीही, आणि बाटली उघडली.

"तिथे नको," बाबा म्हणाले. "त्या दिवशी मी उठलो नव्हतो."

बाटली बंद केली. ज्यांना पूर्ण रेषा हवी असते त्यांच्यासाठी लिहिते: मधले दिवस अंदाजाने भरता येतात. मी भरले नाहीत.

२ ते २० जून

डावीकडे सरकणं मंदावलं. मेच्या मध्यापर्यंत रोज सव्वा-दीड सेंटीमीटर होतं, आता ठिपके एकमेकांना चिकटतात. नऊ दिवस ढग. ढगाळ दिवसांसाठी वहीत नुसता गोल काढते. बाटलीचं तोंड घट्ट लावा, माझी नेलपेंट घट्ट होत चालली आहे. रिमूव्हरचे दोन थेंब टाकून पातळ केली.

२१ जून, रविवार: ग्रहण

साडेआठचा ठिपका कालच्यावरच पडला. आज सूर्य उत्तरेला जेवढा जायचा तेवढा गेला, यापुढे परत.

दहा वाजून गेल्यावर सूर्यग्रहण लागलं. कुठे कुठे कंकणाकृती, आमच्याकडे खंडग्रास. सूर्याकडे बघायची गरजच नव्हती. कवडसा तोवर खिडकीपासून सव्वा मीटरवर आला होता. बाबांनी मांडीवर वही उघडली, कोरं पान कवडशाखाली धरलं. साडेदहापर्यंत त्याच्या कडेचा लचका तुटलेला स्पष्ट दिसायला लागला. धाकट्याने दुसऱ्या पुठ्ठ्याला सुईने वीसेक छिद्रं पाडली आणि पानावर वीस तुटके सूर्य पाडले. आई पदर खोचून आत आली, बघून म्हणाली, "सगळ्यांनाच कुरतडलंय."

पावणेअकराला खिडकीवरच्या छज्जाने ऊन कापलं आणि ग्रहणाचा मुख्य भाग आमच्या हातून गेला. छज्जा मोजायला हवा होता. तुम्ही आधीच बघून ठेवा की तुमच्या खिडकीत ऊन किती वाजेपर्यंत टिकतं.

२८ जून

दोन दिवसांपासून ठिपके भिंतीच्या दिशेला केसभर सरकताहेत, आडवी हालचाल जवळजवळ नाही. पुठ्ठ्याची एक कड सुटली होती, नव्याने चिकटवली.

बाबा आता रोज येतात. मी येते तेव्हा त्यांचा ठिपका आधीच वाळत आलेला असतो. घड्याळ त्यांनी बदललेलं नाही. मी दाखवायचं म्हणून मोबाइल पुढे केला तर म्हणाले, "तुझी तुझी रेषा काढ."

बाटलीत आता तळाला थोडीच उरली आहे. आईने तिची मरून रंगाची बाटली काढून ठेवली आहे, बाबांसाठी.